माझ्यासमोर सही केली

लोक मला विचारतात, वकिली बरी चालली होती, मग नोटरी कशाला झालात? विचारणारा कोण आहे ते बघून मी उत्तर बदलते. वकील मित्रमैत्रिणींना सांगते की एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात पळून पाय दुखायला लागले. सोलापूरच्या उन्हाळ्यात काळा कोट घालून पळणं काय असतं ते त्यांना सांगावं लागत नाही. नातेवाइकांना सांगते की एका जागी बसून करायचं काम आहे, संध्याकाळी वेळेवर घरी येता येतं. दोन्ही उत्तरं खरी आहेत. पण त्याआधीचं एक कारण आहे आणि ते माझ्याच घरात राहतं. रोज दुपारी माझा डबा घेऊन सिटी बसनं येतं आणि मी डब्यात भाजी उरवली तर मला रागावतं. ती माझी थोरली बहीण. तिला सगळे अक्का म्हणतात.

आमचं गाव जेऊरजवळचं. मी शाळेत होते तेव्हा अक्काचं लग्न माळशिरसकडं झालं. घर उसाचं, पाण्याचं, खाऊनपिऊन सुखी. नवरा वाईट नव्हता. मारहाण नाही, दारू नाही. दोघांचं जमलं नाही, एवढंच. तीन वर्षांत त्यांचं बोलणंसुद्धा बंद पडलं आणि अक्का माहेरी आली ती परत गेली नाही. मग दोन्हीकडची जाणती माणसं आमच्या ओसरीवर बसली. चहा झाला. कुणी आवाज चढवला नाही. तिकडच्यांनी अंगावरचं सोनं परत आणलं होतं, आमच्या वडिलांनी त्यांचं त्यांना दिलं. आमच्याकडं याला सोडचिठ्ठी म्हणतात. स्टॅम्प पेपरावर लिहून घ्यायचं की आजपासून तुझा माझा संबंध नाही, दोघांनाही पुढं लग्न करायची मोकळीक आहे.

अक्का आत भाकरी थापत होती. काकांनी हाक मारली. ती उंबऱ्याशी आली, पदराला हात पुसले आणि जमिनीवर कागद ठेवून सही केली. परत जाऊन उरलेल्या भाकरी केल्या. काका आणि तिचे सासरे तो कागद घेऊन तालुक्याला गेले आणि दिवेलागणीला परत आले, तेव्हा त्याच्यावर गोल लाल सील होतं. घरात बरं वाचणारी मीच. मला वाचायला सांगितलं. सीलच्या शेजारी लिहिलं होतं, 'माझ्यासमोर सही केली', आणि खाली नोटरीची सही. मला ते सील फार आवडलं. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. वडिलांनी तो कागद सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर पेटीत ठेवला. आमच्या घरी याहून मोठा मान कुठल्या कागदाला नव्हता.

पुढं अक्काचं दुसरं लग्न झालं. हे भाऊजी कालव्यावर पाटकरी होते. कालव्याचं पाणी कोणाच्या शेताला कधी सोडायचं ते बघणारा सरकारी माणूस म्हणजे पाटकरी. रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन कालव्याच्या कडेनं हिंडायचं आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, असं ते काम. पण माणूस हसरा. घरी आले की पाय न धुता आत यायचे आणि अक्का ओरडली की म्हणायचे, "पाण्यातनंच आलोय की, अजून किती धुऊ?" ती रुसली की शेजारच्या बाईला ऐकू जाईल अशा आवाजात तिच्या स्वयंपाकाचं कौतुक करायचे. एक मुलगी झाली. मी सोलापुरात कायद्याचं शिकत होते तेव्हा दर सुट्टीत त्यांच्याकडं जायचे. नवराबायकोनं एकमेकांची चेष्टा करत जगावं हे मी पहिल्यांदा त्या घरात पाहिलं. आमच्या आईवडिलांना तसं कधी बघितलं नव्हतं.

मुलगी कॉलेजात गेली त्या साली भाऊजी गेले. कालव्यावरच छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. दिवस झाल्यावर अक्का ऑफिसात गेली, पेन्शनीला तिचं नाव लागायचं होतं. तिथल्या क्लार्कनं विचारलं, आधीचं लग्न झालं होतं का. अक्कानं हो म्हणून सांगितलं, त्यात लपवायचं काय होतं? मग त्यानं कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम मागितला. अक्कानं सोडचिठ्ठी पुढं केली. तो माणूस भला होता. त्यानं तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग सांगितलं की याला कायद्यात घटस्फोट म्हणत नाहीत. पहिला नवरा हयात असताना दुसरं लग्न झालं, म्हणजे ते लग्न धरता येत नाही.

मी तोपर्यंत चांगली मुरलेली वकील होते. तो कागद मी शाळकरी वयात वाचला होता, आता वकील म्हणून वाचला आणि क्लार्क बरोबर बोलला होता हे कळलं. तरी दावा लावला. काही समाजांत सोडचिठ्ठीची रीत असते आणि कायदा ती मानतो, पण ती रीत आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, हे कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. ओसरीवर बसलेल्यांपैकी निम्मे वारले होते. उरलेल्यांना कोर्टात विचारलं की ही रीत कधीपासूनची, तर ते म्हणाले, आम्हाला काय माहीत, सगळे करतात म्हणून केलं. दावा पडला. मुलीचं नाव बापाच्या कागदांवर लागलं, कारण असल्या लग्नातल्या लेकरांना कायदा वाऱ्यावर सोडत नाही. आईचं लागलं नाही.

निकालाच्या दिवशी आम्ही दोघी रिक्षानं परतलो. घराजवळ आल्यावर अक्का म्हणाली, "लेकीचा बाप व्हय, पण माझा नवरा न्हाय. हे कसं गं?" मी तिला कलम सांगू शकले असते. मला रडू आलं आणि मी रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशावरून भांडले.

माझा राग कायद्यावर नव्हता. क्लार्कवरही नव्हता. माझा राग त्या एका ओळीवर होता. माझ्यासमोर सही केली! कोणासमोर? त्या नोटरीनं अक्काला जन्मात पाहिलं नव्हतं. अक्का उंबऱ्याशी वाकून सही करत होती तेव्हा तो तालुक्याला आपल्या टेबलाशी बसला होता. त्यानं म्हटलं असतं की बाईला इथं आणा, आणि ती समोर आली असती, आणि त्याला आपल्या कामाचे नियम माहीत असते, तर तो म्हणाला असता, बाई, हे माझं काम नाही, कोर्टात अर्ज करा. दोघं राजी होते. सगळं सुतासारखं सरळ झालं असतं. तो नोटरीही तोवर वारला होता, म्हणून मला कुणावर ओरडताही आलं नाही. त्याच वर्षी मी नोटरीसाठी अर्ज केला. मुलाखत झाली, प्रमाणपत्र आलं, माझ्या नावाचं सील तयार झालं. वकिलांच्या बाररूममध्ये एकजण म्हणाला, "काय म्याडम, वकिली सोडून शिक्के मारणार का?" मी म्हटलं, मारणार, आणि बघून मारणार.

नियम मी परीक्षेला बसल्यासारखे पाठ केले. तसे ते अवघड नाहीत. माणूस समोर हवा. सही समोर व्हायला हवी. कोऱ्या कागदावर किंवा मध्ये जागा सोडलेल्या कागदावर सील नाही. त्याला कागद कळायला हवा, त्याच्या भाषेत. अक्कलकोटकडची म्हातारी असेल तर कन्नड येणारा, विणकरांच्या घरातली असेल तर तेलुगू येणारा बघायचा, आणि तो तिच्या मुलाचा मित्र नसावा. आपल्या नात्यातल्यांचे कागद आपण करायचे नाहीत. जे केलं ते रजिस्टरला त्याच दिवशी चढवायचं. एवढं सगळं पाळायला लागले तर लोक मला खडूस म्हणायला लागले. एकदा एकजण मोबाईल घेऊन आला. भाऊ आखातात नोकरीला, प्रतिज्ञापत्र भावाचं. व्हिडिओ कॉल लावून त्यानं फोन माझ्या नाकापुढं धरला, "देखो म्याडम, सामनेच बैठा है." तिकडून भावानं हात हलवला. मीही हात हलवला आणि कागद परत दिला.

या सगळ्यांत एक नियम मी मोठ्या अक्षरांत लिहून टेबलामागं लावलाय. नोटरीला लग्न लावता येत नाही आणि मोडताही येत नाही. वरून सरकारनंही तसं पत्रक काढलं आहे. तरी महिन्यातून एकदा तरी कुणीतरी सोडचिठ्ठी घेऊन येतंच.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात असंच एक कुटुंब आलं. बाप बाजार समितीत कांद्याची पोती उचलणारा हमाल, मूळचा सांगोल्याकडचा, घरची मेंढरं मोडून शहरात आलेला. बरोबर मुलगी, वय असेल चोवीस-पंचवीस, आणि मुलीचा मामा. बोलणारा मामा होता, बाप नुसता टोपी हातात धरून उभा. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसणाऱ्या टायपिस्टकडून सोडचिठ्ठी टाइप करून आणली होती. नवऱ्याची सही होती, मुलीची होती, पंचांच्या होत्या.

"सह्या कुठं केल्या?" मी विचारलं.

"घरीच केल्यात," मामा म्हणाला. "तुमाला तरास नको."

"मग सील पण घरीच मारायचं होतं की."

मामानं माझ्या बोलण्याकडं लक्ष दिलं नाही. माझ्यामागची पाटी त्यानं वाचली असावी, कारण तो लगेच म्हणाला, "आमच्यात अशीच रीत हाय म्याडम. आज्याच्या आज्यापासनं. ह्येला कोरट लागत न्हाय."

मी त्याला समजावून सांगितलं की रीत असेल, पण उद्या कुणी विचारलं तर ती सिद्ध करणार कोण? आणि विचारतंच कुणीतरी. दोघं वर्षाहून जास्त वेगळे राहिलेत, दोघं राजी आहेत, मग फॅमिली कोर्टात मिळून अर्ज करा. काही महिने जातील, पण हुकूम मिळेल. मुलगी तोवर खाली बघत होती. 'काही महिने' म्हटल्यावर तिनं मान वर केली.

"मारा की शिक्का, म्याडम," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात माझं लगीन ठरलंय."

मुलगा चांगला होता, तिच्याच तोंडून कळलं. गिरणीत सुपरवायझर. तिला शिवणाचा क्लास काढून देतो म्हणाला होता. पहिल्या घरातली तिची दोन वर्षं कशी गेली ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण ती ज्या घाईनं बोलत होती तिच्यावरून कळत होतं की हे दार पुन्हा उघडणार नाही असं तिला वाटतंय. मी नाही म्हटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच्या मागोमाग राग. "तुमचं काय जातंय?" ती म्हणाली. मामा उठला. "चला, दुसरीकडं बघू. धा जण बसल्यात." बापानं एकदा माझ्याकडं आणि एकदा मुलीकडं बघितलं आणि तो मेव्हण्याच्या मागं निघाला. मुलगी मात्र बाकावरून उठली नाही, तिथंच रडत बसली.

त्या वेळी मला माझी स्वतःची भीती वाटली. मी एका बाईच्या दुःखाचा सूड दुसऱ्या बाईवर तर उगवत नाही ना, असं मनात आलं. लग्न मोडलं तर ते माझ्यामुळं मोडेल. नियम माझ्या बाजूनं होता, पण नियम काही तिच्या घरी जाऊन तिला शिवणाचा क्लास काढून देणार नव्हता.

तेवढ्यात अक्का डबा घेऊन आली. बाकावर रडणारी मुलगी बघून तिनं मला काही विचारलं नाही, तिलाच विचारलं. मुलगी सांगत गेली. अक्कानं ऐकता ऐकता माझाच डबा उघडला, भाकरी मोडली, तिच्यावर शेंगाचटणी ठेवली आणि तिच्या हातात दिली. मला वाटलं आता ती आपली कहाणी सांगेल, लांबण लावेल, अक्काला सवय आहे. पण ती म्हणाली, "मीबी असाच कागद केल्ता. मग दुसरं लगीन केलं. लई चांगला मानूस. एकोणीस वर्सं त्याच्यासंगं संसार केला. त्यो मेल्यावर सरकार म्हनलं, तू त्याची कुणी न्हाईस."

मुलीनं घास हातात धरून ठेवला. "मग तुमी काय केलं?"

"काय करनार? त्याच्या नावानं कुंकू पुसलं. ते पुसायला कुणाचा हुकूम लागत न्हाय."

मी माझ्या रजिस्टरात डोकं घातलं. हे वाक्य अक्का माझ्याजवळ कधी बोलली नव्हती.

थोड्या वेळानं बापाला मागं घेऊन मामा खुशीत परत आला. पलीकडचे एक नोटरी करून देतो म्हणाले होते, मुलगी आली नाही तरी चालेल म्हणाले होते. तो नुसतं सांगायला आला होता. मुलगी उठली, त्याच्या हातातला कागद मागून घेतला, त्याची घडी घातली आणि आपल्या पिशवीत टाकली. "आबा," ती बापाला म्हणाली, मामाला नाही, "कोर्टात जाऊ." मामा तिला वेडी म्हणाला, तुझ्यापायी कोण थांबणार हाय म्हणाला. बाप पहिल्यांदाच बोलला, "थांबला तर आपला, न्हाय तर न्हाय." मग त्यानं हातातली टोपी डोक्यावर घातली. मला तो माणूस त्या क्षणी फार मोठा वाटला.

अर्ज मीच लिहून दिला. पहिला नवरा तारखांना येत राहिला, त्याचंही दुसरीकडं बघत होते, त्यालाही मोकळं व्हायचं होतं. मधल्या काळात अक्का मला आठवड्याला विचारायची, "त्या पोरीचं काय झालं?" मी म्हणायचे, तारीख आहे. लग्न ठरलेल्या मुलाबद्दल विचारायचं धाडस मला झालं नाही. मला वाटत होतं, ऐकलं नाही तर मोडलेलं नसेल.

हिवाळा सरता सरता मुलगी आली. एकटीच आली. दुपारची वेळ, अक्का शेजारी बाकावर बसली होती. मुलीनं हुकुमाची नक्कल माझ्या टेबलावर ठेवली. मी वाचली, सगळं नीट होतं. मग विचारलंच, "आणि तिकडचं?"

"ते थांबले न्हाईत," ती म्हणाली. "दिवाळीनंतर त्यानं दुसरीकडं केलं."

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण कशाची मागायची ते कळलं नाही. ती मात्र रडली नाही. शिवणाच्या क्लासला जातेय म्हणाली, एका बाईकडं, शिकवायला नाही, शिकायला.

अक्कानं हात पुढं केला. "बघू दे तो कागद." मुलीनं दिला. अक्का सातवीपर्यंत शिकलेली, चष्मा लावून एकेक ओळ बोटानं वाचत गेली. बाजूला लोक आपापले कागद घेऊन उभे होते, मी कुणाला पुढं बोलावलं नाही. शेवटचं पान संपल्यावर तिनं ते उलटून मागं बघितलं, तिथं काही नव्हतं.

"एवढंच असतं व्हय?" तिनं मला विचारलं.

"हो अक्का," मी म्हटलं. "एवढंच."

तिनं कागदाच्या कडा जुळवल्या, तो मुलीच्या हातात दिला आणि तिचा हात तसाच धरून ठेवला. "आता तू ज्याच्याशी करशील," ती म्हणाली, "त्याची बायको राहशील. तो गेल्यावरबी."